आधी उभं राहायची जागा, मग चौथरा, पुतळा सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा: घरामागे १८ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद अशी सपाट बाग आहे. बैठकीच्या खोलीचं दार अरुंद बाजूला उघडतं, पण मधोमध नाही, डाव्या कुंपणापासून ४ मीटरवर. दारासमोर फरशीचा ओटा, त्याला दोन पायऱ्या, मग हिरवळ. साधारण ९० सेंटिमीटर उंचीचे दोन कलश घेऊन झालेत. बागेच्या बरोबर मध्यावर तीन वाडग्यांचं कारंजं, मागच्या भिंतीशी रोमन प्रेमदेवता व्हीनसचा पुतळा आणि चार कोपऱ्यांत चार ऋतूंचे चार पुतळे, असा बेत आहे. ग्रीक-रोमन धाटणी हवी, पण पुतळे विकणाऱ्याच्या आवारासारखं दिसायला नको. शिवाय कोणतं साहित्य टिकेल आणि बसवायचं कसं, हेही विचारलंय.

पुतळेवाल्याच्या आवारात नेमकं काय खटकतं ते आधी बघू. तिथले पुतळे वाईट असतात असं नाही. तिथे सगळे एकदम दिसतात, सगळे आपल्याकडे तोंड करून उभे, आणि आपण नेमकं कुठे थांबून कोणाकडे बघायचं हे काही ठरत नाही. तुमच्या बेतात हीच अडचण आहे. दारात उभं राहिलं की कारंजं, त्याच्यामागे अर्धवट झाकलेली व्हीनस आणि दोन्ही बाजूंना ऋतू, म्हणजे एका नजरेत सहा वस्तू. सहातली कुठलीच मनात राहणार नाही.

मी बागा आखायला लागलो तेव्हा हीच चूक हौसेने करायचो. आता क्रम उलटा ठेवतो. माणूस कुठे थांबणार, ते आधी. तिथून काय दिसलं पाहिजे, ते नंतर. ती वस्तू किती उंचीवर हवी, म्हणजे चौथरा केवढा, ते त्याच्यानंतर. पुतळा कोणाचा, हा प्रश्न अगदी शेवटचा, आणि गंमत म्हणजे तोवर तो बऱ्याचदा आपोआप सुटलेला असतो.

फ्रान्समधल्या व्हर्सायच्या बागेत राजा चौदाव्या लुईला हीच शिस्त निराळ्या कारणाने पाळावी लागली. शेकडो कारंजी, पण ती सगळी एकदम चालवायला पाणीच पुरायचं नाही. सेन नदीवर १६८४ मध्ये १४ चाकांचं प्रचंड यंत्र बसवलं, तरी टंचाई हटली नाही. मग कारंज्यांवरचे नोकर शिट्ट्यांनी एकमेकांना इशारा द्यायचे: राजा वळणावर आला की पुढचं कारंजं सुरू, तो पुढे गेला की मागचं बंद. राजा जिथे जाईल तिथे पाणी नाचत असायचं. तुम्हाला शिट्टीवाले ठेवायची गरज नाही, पण एका जागेवरून एकच मुख्य गोष्ट दिसावी एवढा धडा उचला.

आता तुमची बाग. दार मध्यावर नाही, ही गोष्ट तुम्हाला दोष वाटतेय. मला ती संधी वाटते. बागेचा मध्य विसरा, दाराचा मध्य धरा. दाराच्या मध्यातून सरळ मागच्या भिंतीपर्यंत दोरी ताणा. तिच्या डावीकडे ४ मीटर आहेत. उजवीकडेही ४ मीटर मोजा आणि तिथे दाट, गडद पानांच्या झुडपांचं कुंपण लांबीभर लावा, साधारण दोन मीटर उंच वाढेल असं. आता दारासमोर ८ मीटर रुंदीची, दोन्ही बाजूंनी सारखी अशी एक खोलीच तयार झाली. आणि कुंपणाच्या पलीकडे जवळपास ४ मीटर रुंदीची, दारातून न दिसणारी एक लांबट पट्टी उरली. कारंजं पहिल्या खोलीत, व्हीनस त्या पट्टीत. दोघांची गाठ पडू द्यायची नाही.

कारंजं मागच्या भिंतीपर्यंत ढकलू नका. हात लांब करून अंगठा उभा धरून बघा: १७ मीटरवरची १.८ मीटर उंचीची वस्तू साधारण त्या अंगठ्याएवढीच दिसते. उघड्यावर आभाळ वस्तूला खातं. खोलीत भारदस्त वाटलेला पुतळा बागेत नेला की एकदम पोरगेला दिसतो, तो यामुळेच. कारंजं दारापासून १२ मीटरवर घ्या, म्हणजे मागे ६ मीटर राहतात. मागच्या भिंतीवर गडद हिरवा वेल किंवा झुडपं चढवा, बस. तिथे दुसरं काहीही नको. पाणी उजेडात चमकतं ते मागे अंधार असला तरच. फिकट भिंतीपुढे तेच पाणी दिसतसुद्धा नाही, नुसता आवाज येतो.

खरेदीच्या आधी एक काम नक्की करा. बांबू किंवा काठ्या घ्या, त्यावर पुठ्ठा किंवा जुनी चादर अडकवून कारंज्याच्या उंची-रुंदीचा आकार त्या जागी उभा करा आणि आठवडाभर तसाच राहू द्या. सकाळी बघा, तिन्हीसांजेला बघा, स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघा, वरच्या मजल्यावरून बघा. शेजारी हसतील, हसू देत. माझ्या निम्म्याहून जास्त कामांत या आठवड्यात वस्तूची जागा हलली आहे किंवा उंची वाढली आहे. काठी हलवायला दोन मिनिटं लागतात. सहाशे किलोचं कारंजं हलवायला क्रेन लागते.

व्हीनससाठी त्या लांबट पट्टीच्या शेवटच्या टोकाला झुडपांतच एक कोनाडा करा. हिशोब साधा आहे: एखादी उभी वस्तू मान न वर करता पूर्ण बघायला तिच्या उंचीच्या दुप्पट अंतर लागतं, आणि आजूबाजूच्या हिरवाईसकट बघायला तिप्पट. पुतळा १.५ मीटर आणि चौथरा ८० सेंटिमीटर धरला तर एकूण २.३ मीटर. म्हणजे बाक कोनाड्यापासून ५ ते ७ मीटरवर हवा. पट्टीत शिरायची वाट त्या बाकाजवळच काढा, म्हणजे माणूस वळला की पुतळा समोर. इंग्लंडमधल्या स्टोअरहेडच्या बागेत १७४०च्या दशकापासून हेन्री होअरने हाच खेळ मोठ्या प्रमाणावर मांडला. तळ्याभोवती फिरताना गुहेत शिरेपर्यंत आतली निजलेली अप्सरा आणि पाण्याच्या घागरीवर रेललेला नदीदेव दिसतच नाहीत. तो नदीदेव जॉन चीअरने शिशात ओतलेला आहे, आणि गुहेच्या अंधारात तो जेवढा जिवंत वाटतो तेवढा हिरवळीच्या मध्यभागी कधीच वाटला नसता.

उजेडाचं एक सांगतो, कारण हे कोणी सांगत नाही. पुतळ्यावर ऊन समोरून पडलं की तो सपाट होतो. नाक, ओठ, वस्त्राच्या चुण्या, सगळं पुसलं जातं. बाजूने तिरपं ऊन आलं तर तीच चुणी एकदम खोल दिसते. म्हणून कोनाड्याचं तोंड असं ठेवा की तुम्ही ज्या वेळी बाकावर बसणार, त्या वेळी ऊन पुतळ्याच्या खांद्याच्या बाजूने येईल. त्याच कारणासाठी पांढराशुभ्र रंग टाळा. भर उन्हात पांढऱ्यावर डोळे दिपतात आणि नक्षी नाहीशी होते. शिवाय 'ग्रीक म्हणजे पांढरं' ही समजूतच नंतरची आहे. मूळ ग्रीक आणि रोमन पुतळे रंगवलेले असायचे, रंग उडालेले अवशेष मातीतून निघाले आणि आपण त्यांनाच अभिजात म्हणू लागलो. राखाडीकडे झुकणारा, दगडाचा असतो तसा रंग घ्या.

चार ऋतूंचं काय? सरळ सांगतो, नका घेऊ. चार ऋतू ही जोडणी चांगली आहे, पण तिला चार सारखे कोपरे असलेली, चारही बाजूंनी फिरता येईल अशी जागा लागते. एवढ्या बागेत ते चार पहारेकरी वाटतील. फारच मन असेल तर एकच घ्या आणि तोही स्तंभशीर्ष प्रकारात. हर्म म्हणतात त्याला: खाली निमुळता चौकोनी खांब आणि वर फक्त डोकं किंवा छातीपर्यंतचा भाग. ग्रीक लोक हद्दींवर आणि रस्त्यांच्या फाट्यांवर असे खांब उभे करायचे. तुमच्याकडे पट्टीत शिरायची जी वाट आहे, तिच्या तोंडाशी हर्म अगदी शोभून दिसेल, कारण तिथे तो मुळातलंच काम करतोय. आणि त्याला घोटे नसतात, हा मोठाच फायदा.

घोट्यांबद्दल जरा सविस्तर बोलू, कारण पुतळे तिथेच मोडतात. रोमन शिल्पकारांनी ग्रीकांच्या ब्राँझच्या पुतळ्यांच्या संगमरवरी नकला केल्या. ब्राँझ आतून पोकळ आणि चिवट, त्यामुळे पुतळा दोन पायांवर निवांत उभा राहतो. संगमरवर जड आणि ठिसूळ, सगळं वजन दोन घोट्यांवर आलं की तडकणारच. म्हणून रोमन प्रतींमध्ये पायामागे झाडाचं खोड, खडक, डॉल्फिन असं काहीतरी आधाराला टेकवलेलं दिसतं. आज साच्यातून काढलेल्या पुतळ्यात काही जण ते खोड गाळतात आणि घोट्यातून लोखंडी सळई घालतात. सुरुवातीच्या काळात मी असाच एक डायनाचा पुतळा बसवला. तीन वर्षांत उजव्या घोट्याभोवती तपकिरी डाग आला, मग केसाएवढी चीर, मग एका सकाळी मालकीणबाईंचा फोन. आत सळईवर जेमतेम एक सेंटिमीटर मसाला होता. पाणी शिरलं, लोखंड गंजलं, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, तो आतून दगड फोडतो. विकणाऱ्याने हात वर केले. तेव्हापासून मी दोनच प्रश्न विचारतो: आत काही धातू आहे का, आणि असेल तर स्टेनलेस स्टीलच आहे का? उत्तर गुळमुळीत आलं की तिथून निघतो. खोडाला टेकलेली, लांब वस्त्र पायापर्यंत आलेली किंवा बसलेली आकृती घ्या, हा त्यावरचा सोपा तोडगा.

नक्कल आहे म्हणून मात्र कमीपणा वाटून घेऊ नका. या परंपरेचा पायाच नक्कल आहे. तिवोलीला सम्राट हेड्रियनने दुसऱ्या शतकात जो प्रासाद बांधला, तिथल्या लांबट तलावाकाठी अथेन्सच्या एरेक्थियॉन देवळातल्या स्तंभकन्यांच्या, म्हणजे खांबाच्या जागी उभ्या असलेल्या स्त्रियांच्या पुतळ्यांच्या, प्रती उभ्या केल्या होत्या. जगाचा धनी असून त्याला प्रती चालल्या. बोर्गेसे कलश हा प्राचीन संगमरवरी कलश आता पॅरिसच्या लुव्हर संग्रहालयात आहे. त्याच्या आणि तशाच प्राचीन मेदिची कलशाच्या नकला तीनशेहून जास्त वर्षं युरोपभर बागांत उभ्या आहेत, व्हर्सायमध्येसुद्धा. लाज वाटायची ती नकलेची नाही, वाईट ओतकामाची. दुकानात गेलात की पुतळ्याच्या चेहऱ्याकडे बघू नका, बगलेकडे, कानामागे आणि बोटांच्या मधे बघा. साच्याच्या दोन भागांची शीव तिथे उभी राहिलेली दिसली, बोटं एकमेकांत वितळल्यासारखी असली, डोळ्यांच्या पापणीला कडाच नसली, तर तो साचा म्हातारा झालाय. तशी वस्तू कितीही शेवाळ धरलं तरी सुधारत नाही.

साहित्याबद्दल माझं मत एका ओळीत: दगडाचा चुरा आणि सिमेंट ओलसर कालवून साच्यात ठासून भरलेला, म्हणजे ओतीव दगड, घ्या. तो कापल्या वालुकाश्मासारखा दिसतो, रंग आरपार असतो, आणि वर्षभरात त्यावर वय दिसायला लागतं. पातळ काँक्रीट ओतून केलेली वस्तू स्वस्त असते, पण तिच्या अंगावर हवेच्या बुडबुड्यांची बारीक भोकं असतात आणि कडा मऊ येतात. लांबून बघायच्या वस्तूला चालते. अस्सल संगमरवर उघड्यावर ठेवायला मी राजी नसतो. पावसाच्या पाण्यातली सौम्य आम्लतासुद्धा त्याला हळूहळू विरघळवते, आणि काही वर्षांनी त्याच्या अंगावरून हात फिरवला तर साखरेसारखे कण हाताला लागतात. ब्राँझ सुंदर, पण त्याचं हिरवं पाणी खालच्या फिकट चौथऱ्यावर ओघळून डाग पाडतं. बिडाचे कलश रंगवत राहायची तयारी असेल तरच. भाजक्या मातीचे कलश ऊबदार दिसतात. जिथे बर्फ पडतं तिथे मात्र ते कमी भाजलेले असले तर मुरलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि पापुद्रे निघतात. फायबरग्लास फक्त गच्चीवर, जिथे वजन चालत नाही तिथे, आणि तोही तळाला वाळू भरून. टिचकी मारली की तो पोकळ बोलतो, ते काही लपत नाही.

टिकाऊपणाचं सगळ्यात चांगलं उदाहरण मात्र दगडाचं नाहीच. लंडनमध्ये एलिनॉर कोड या बाईंनी १७६९ पासून भट्टीत भाजलेल्या मातीचे पुतळे, कलश, कमानी करायला सुरुवात केली. दगड वाटावा अशी ती माती इतकी चिवट होती की वेस्टमिन्स्टर पुलाजवळचा १८३७ सालचा सिंह लंडनचा धूर आणि पाऊस खाऊनही आजवर धारदार आहे.

आता बसवणं. चौथरा म्हणजे पुतळ्याखालचा ठोकळा नाही. त्याला खाली पसरट बैठक, मधे अंग आणि वर किंचित बाहेर आलेली टोपी हवी. टोपीच्या खालच्या बाजूला कडेने एक खाच असली की पाणी तिथूनच टपकतं, अंगावर ओघळत नाही. चौथऱ्याखाली मुरूम-खडी कुटून वर १५ सेंटिमीटर काँक्रीट घाला, पायाची रुंदी चौथऱ्यापेक्षा चारी बाजूंनी १० सेंटिमीटर जास्त. काँक्रीट आणि चौथरा यांच्यामध्ये ओल चढू नये म्हणून शिशाचा पत्रा किंवा जाड ओलरोधक कागद. हे विसरलं तर जमिनीतलं पाणी दगडातून वर चढतं आणि गुडघ्याच्या उंचीवर पांढरे क्षार फुलतात. १.५ मीटरचा ओतीव पुतळा दोनशे किलोच्या पुढे सहज जातो, म्हणून पाणसळ चौथऱ्याच्या टोपीवर लावा आणि पुतळा ठेवल्यावर ओळंब्याने परत तपासा. पुतळा बसवायला मधोमध स्टेनलेस स्टीलची एक खुंटी आणि चुन्याचा मसाला पुरतो. शुद्ध सिमेंटने घट्ट चिकटवला तर पुढे कधी काढायची वेळ आली की पायच तुटून येतात.

कारंज्याकडे वळतो, कारण खरी डोकेदुखी तिथे आहे.

तीन वाडग्यांच्या कारंज्याचं चित्र आपल्या मनात असं असतं: वाडग्याच्या काठावरून चारी बाजूंनी पाण्याचा काचेसारखा अखंड पडदा पडतोय. आता गणित करू. असा पडदा पडायला काठाच्या दर सेंटिमीटरला ताशी ढोबळमानाने १५० लिटर पाणी लागतं. ६० सेंटिमीटर व्यासाच्या वाडग्याचा परीघ सुमारे १८८ सेंटिमीटर. गुणाकार केला तर ताशी २८ हजार लिटर. बागेसाठी मिळणारे साधे पंप ताशी दोन-चार हजार लिटरचे असतात. म्हणजे गुळगुळीत काठाच्या वाडग्यातून तुम्हाला पडदा मिळणारच नाही, दोन-तीन ठिकाणी चिरकूट धारा मिळतील आणि उरलेलं पाणी वाडग्याच्या पोटाला चिकटून खाली सरपटेल. उपाय एकच: काठाला पाकळ्या किंवा ठरावीक पन्हळी असलेले वाडगे घ्या. आठ पन्हळी असल्या की तेच पाणी आठ स्वच्छ धारांत पडतं, आवाजही गोड येतो.

पंपाच्या खोक्यावर 'कमाल उंची २ मीटर' असं छापलेलं असतं, त्याला भुलू नका. त्या उंचीवर पंप पाणी नुसतं धरून ठेवतो, प्रवाह शून्य असतो. तुमचं कारंजं १.८ मीटरचं असेल तर कमाल उंची ३ ते ३.५ मीटर असलेला पंप घ्या, त्याच्या तक्त्यात २ मीटरला किती प्रवाह आहे ते वाचा, आणि पाइपवर एक कॉक बसवा. जास्तीचं पाणी कॉकने कमी करता येतं. कमी पाणी कशानेही वाढवता येत नाही. वीज बागेत न्यायची ती जाणकार वायरमनकडूनच, ३० मिलिअँपिअरला तुटणारं गळतीरोधक स्विच लावून. यात काटकसर नको.

आणि पातळी. दोन वर्षांपूर्वी एका कामावर गवंड्याने तिन्ही वाडगे पाणसळीवर बघून बसवले, बुडबुडा अगदी मधोमध. पंप सुरू केला तर मधल्या वाडग्याची पूर्वेकडची बाजू कोरडी ठक्क. कारण पाणसळ ठेवली होती वाडग्याच्या एका व्यासावर, आणि ओतीव वाडग्याचा काठ स्वतःच दोन मिलिमीटर वाकडा होता. पाण्याला दोन मिलिमीटर म्हणजे डोंगर. तेव्हापासून मी शेवटची पातळी पाणसळीने बघत नाही, पाण्यानेच बघतो. वाडगे मसाल्याशिवाय नुसते रचायचे, पंप मंद सुरू करायचा, आणि ज्या बाजूला पाणी कमी तिच्या समोरच्या बाजूखाली शिशाच्या पट्टीचे पातळ तुकडे एकेक सरकवत जायचं. एक तुकडा, थांबा, पाणी स्थिर होऊ द्या, बघा. खालचा वाडगा आधी, मग मधला, मग वरचा, कारण खालचा हलला की वरचे हलतात. अर्धा दिवस जातो. पण एकदा सगळ्या पन्हळी सारख्या बोलायला लागल्या की मग दरजा भरायच्या.

खालचा हौद लोक हमखास लहान घेतात. सर्वांत मोठा वाडगा ९० सेंटिमीटर व्यासाचा असेल आणि त्याचा काठ हौदातल्या पाण्यापासून ७० सेंटिमीटर वर असेल, तर वाडग्याच्या पुढे चारी बाजूंनी निदान ४० सेंटिमीटर हौद हवा, म्हणजे व्यास १.७ मीटर. वरती सरळ उडणारा फवारा ठेवणार असाल तर त्याची उंची फवाऱ्यापासून हौदाच्या काठापर्यंतच्या अंतरापेक्षा जास्त नको, आणि वाऱ्याच्या जागी त्याच्या निम्मीच. पंप बंद केल्यावर वाडग्यांतलं जास्तीचं पाणी खाली येतं, तेवढी जागा हौदात वर मोकळी ठेवा. नव्या काँक्रीटच्या हौदातलं पाणी चुन्यामुळे तिखट अल्कली होतं, मासे सोडायचे असतील तर दोन-तीन वेळा भरून रिकामा करा. कारंजं रोज चालवा. थांबलेल्या पाण्यात उबदार हवेत आठवडा-दहा दिवसांत डासांची नवी पिढी तयार होते. जिथे पाणी गोठतं तिथे हिवाळ्यात सगळं रिकामं करून वाडगे झाका.

वर एखादी छोटी मूर्ती बसवणार असाल तर ती सर्व बाजूंनी बघण्याजोगी आहे ना, हे पाहा. इटालियन शिल्पकार वेरोक्क्योने पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या बागेतल्या कारंज्यासाठी डॉल्फिन कवटाळलेलं ब्राँझचं बाळ केलं. ते एका पायावर गिरकी घेतंय, कुठूनही बघा, पाठ म्हणून काही नाहीच. याउलट कोनाड्यातल्या पुतळ्याची पाठ ओबडधोबड असली तरी कोणाचं काही बिघडत नाही. बाजारात बहुतेक आकृती कोनाड्यासाठी केलेल्या असतात आणि लोक त्या हिरवळीच्या मध्यावर ठेवतात.

राहिले तुमचे दोन कलश. ते दाराच्या दोन्ही बाजूंना ठेवायचा मोह होईल, पण ओट्यावरून हिरवळीवर उतरायच्या पायऱ्यांच्या दोन टोकांना ठेवा. दारातून कारंजं त्या दोघांच्या मधे चौकटीत बसतं. ९० सेंटिमीटरचे कलश जमिनीवर बुटके दिसतील, ४० सेंटिमीटरच्या ठोकळ्यावर चढवा. त्यांना झाकण असेल तर त्यात काही लावू नका; झाकणाचा कलश हा मुळात अस्थिकलशाचा आकार, तो नुसताच उभा शोभतो. तोंड घंटेसारखं उघडं असेल तर झाडं लावा, पण मातीत थेट नाही. आत प्लास्टिकची साधी कुंडी बसवा आणि ऋतूप्रमाणे ती बदला. विशेषतः गळा आवळलेला कलश असेल तर त्यात वाढलेल्या झुडपाचा मुळांचा गड्डा कलश फोडल्याशिवाय बाहेर येत नाही. मी एकदा करवतीने मुळं कापत दुपार घालवली आहे. दोन्ही कलशांत एकच झाड, एकाच उंचीचं. एकात निळं, दुसऱ्यात पिवळं असं केलंत की जोडी तुटली.

नव्या दगडाचा कोरेपणा घालवायला ताक-दही फासायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. मी करून बघितलंय. आठवडाभर वास येतो, काळी बुरशी धरते, शेवाळ जेव्हा यायचं तेव्हाच येतं. सावलीच्या बाजूला पाणी शिंपडत राहा, त्यापेक्षा दुसरं काही नको. आणि पुढे साफ करायची वेळ आली तर मऊ ब्रश आणि साधं पाणी. आम्ल, ब्लीच, तारेचा ब्रश आणि जोराच्या पाण्याचा फवारा यांनी जे जातं त्यात मळ कमी आणि दगडाची कातडी जास्त असते.

कलशांच्या तळाला भोक आहे का, ते आजच उलटे करून बघा. नसेल तर पाणी तुंबून मुळं कुजतील. भोक पाडताना कलश वाळूच्या पोत्यावर पालथा घाला, काँक्रीटचं १२ मिलिमीटरचं टोक लावा, ड्रिलचा ठोका बंद ठेवा, टोकावर पाणी सोडत सावकाश जा, आणि शेवटचा सेंटिमीटर दाब अगदी हलका करा, नाहीतर आतल्या बाजूने खपली उडते. मग तळ टेकत असेल तर खाली तीन छोटे दगडी पाय द्या, म्हणजे भोकातून पाणी खरंच बाहेर पडेल.